एसक्यूएल सर्व्हर २०१२ + मायएसक्यूएल + टॅली, सगळं फॅब्रिकवर न्यायचंय. कोणी केलंय का?

रामबागवाला (इंदूर) · सोमवार, रात्री ११:४०

मंडळी, लांबलचक लिहितोय, आधीच माफी.

आमचं पंप, पीव्हीसी पाइप आणि फिटिंगचं होलसेल. मेन गोडाउन सांवेर रोडला, ब्रांचा देवास, उज्जैन, रतलाम, खरगोन. मी तिथला 'कंप्यूटरवाला', म्हणजे प्रिंटर अडकला तरी मी आणि डेटाबेस अडकला तरी मीच. मेन सॉफ्टवेअर व्हीबी सिक्सचं (जुनं व्हिज्युअल बेसिक), त्याच्या खाली एसक्यूएल सर्व्हर २०१२, साधारण ३८ जीबी. ब्रांचांवर बिलिंग वेगळं, मायएसक्यूएलवर. हिशेब टॅलीत. तिन्हीकडे पार्टीचं नाव वेगळं, कोड वेगळा, आणि उधारी तर वेगळी असतेच.

शेठजींना एकच गोष्ट हवीये, सकाळी नऊ वाजता गल्ल्यावर बसताना कुणाकडे किती बाकी, चारी ब्रांचा मिळून. आत्ता ती लिस्ट मी एक्सेलमध्ये रात्री बनवतो, दोन तास जातात आणि दुसऱ्या दिवशी कोणी ना कोणी म्हणतोच की चुकली. मधे ते कुठल्यातरी सेमिनारला जाऊन आले, तेव्हापासून 'सगळं एका प्लॅटफॉर्मवर आणायचं' चालू आहे. मायक्रोसॉफ्ट फॅब्रिकची (त्यांचा क्लाऊडवरचा डेटा प्लॅटफॉर्म) ट्रायल मी चालू केली, मेनू बघूनच डोकं फिरलं. लेकहाऊस, वेअरहाऊस, मिररिंग, पाइपलाइन, डेटाफ्लो. अरे भिया, मला फक्त उधारी दाखवायचीये.

प्रश्न १: जुना सर्व्हर पूर्ण बंद करून डेटाबेसच तिकडे न्यायचा का? प्रश्न २: महिन्याचं बिल किती येईल असं शेठजींना सांगू?

(अवांतर: रीजन निवडताना 'सेंट्रल इंडिया' दिसलं. म्हटलं वा, आपलंच, रेसिडेन्सी कोठीच्या मागे असेल कुठेतरी. ते पुण्याला निघालं. इंग्रजांच्या काळात सेंट्रल इंडिया एजन्सी इंदुरातून चालायची, आता नावसुद्धा गेलं हातचं.)

---

मकरपुरा_शिफ्ट (बडोदा) · सोमवार, रात्री ११:५८

३८ जीबी? माझ्या मुलीच्या फोनमध्ये याहून जास्त फोटो आहेत. एक बऱ्यापैकी मशीन घे, पोस्टग्रेस टाक, रात्री तिन्हीकडून डेटा ओढ, झालं. या वयात मला नवीन मेनू शिकवू नका.

---

पोहे_कमी_शेव_जास्त (इंदूर) · मंगळवार, सकाळी ८:१५

काका म्हणतात ते चूक नाही, पण मशीन कोण सांभाळणार, हाच बिचारा ना? मी सुपर कॉरिडोरला (इथला आयटीचा भाग) हेच काम करतो, क्लायंट मोठे असतात पण गोंधळ हाच असतो, म्हणून लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. चालता डेटाबेस जिथे आहे तिथेच राहू दे. बिल फाडणं हे वेगळं काम, हिशेब पाहणं वेगळं. फॅब्रिकचं वेअरहाऊस बिल फाडायला नाहीच. त्यात प्रायमरी की लिहिता येते पण ती पाळली जात नाही, 'नॉट एन्फोर्स्ड' असंच लिहावं लागतं, एकाच नंबरची दोन बिलं आली तरी ते हूं का चूं करत नाही. ट्रिगर नाहीत. तुमचं व्हीबी सिक्सचं सॉफ्टवेअर त्याला जोडायचा विचारसुद्धा करू नको. २०२४ च्या नोव्हेंबरात त्यांनी फॅब्रिकच्या आत खराखुरा एसक्यूएल डेटाबेस आणला, पण तुला त्याची गरज नाही.

तुला हवी आहे कॉपी. सगळ्या कॉप्या वनलेकमध्ये (फॅब्रिकचा एकच सामायिक साठा) येऊन पडतात, खाली सगळं डेल्टा पार्केट या फॉरमॅटमध्ये. सगळ्यात सोपी वाट मिररिंगची, बदल आपोआप येत राहतात, त्या कॉपी करण्याचं कंप्यूट फुकट, आणि एफ२ वर (फॅब्रिकची सगळ्यात छोटी कपॅसिटी, आकडा वाढला की ताकद वाढते) २ टीबीपर्यंत मिररची जागाही फुकट. पण मिररिंग एसक्यूएल सर्व्हर २०१६ पासून पुढेच चालतं. २०१२ चा सपोर्ट तर जुलै २०२२ लाच संपलाय.

---

रामबागवाला · मंगळवार, दुपारी २:०५

म्हणजे आधी सर्व्हर अपग्रेड. २०१६ टाकू का? लायसन्स जुनं स्वस्तात मिळतंय एका ओळखीच्याकडे.

---

मकरपुरा_शिफ्ट · मंगळवार, दुपारी २:३०

२०१६ ला हात लावू नको. त्याचा एक्स्टेंडेड सपोर्ट १४ जुलै २०२६ पर्यंतच. घरात सून आणली आणि लगेच माहेरी पाठवली असं होईल. जायचं तर २०२२ वर जा. २०१२ चा बॅकअप २०२२ वर सरळ रिस्टोअर होतो, कम्पॅटिबिलिटी लेव्हल ११० वरच (म्हणजे २०१२ चीच) राहते, जुन्या क्वेऱ्या बहुतेक कुरकुर करत नाहीत. पण आधी दुसऱ्या मशीनवर आठवडाभर चालवून बघ. ज्याने सॉफ्टवेअर लिहिलं तो आहे का?

---

रामबागवाला · मंगळवार, दुपारी २:४१

तो पुण्याला गेला, फोन उचलत नाही. सोर्स कोड पण त्याच्याकडेच.

---

मकरपुरा_शिफ्ट · मंगळवार, दुपारी २:४४

मग हात जोड आणि आत्ता सर्व्हरला शिवूच नको. आधी रिपोर्ट चालू कर, अपग्रेड दिवाळीनंतर मोकळ्या डोक्याने.

---

पोहे_कमी_शेव_जास्त · मंगळवार, संध्याकाळी ७:२०

काकांशी सहमत, लिहून ठेवा, परत होणार नाही.

मिररिंग नाही तर साधी पाइपलाइन, म्हणजे ठरल्या वेळी डेटा ओढून आणणारं काम. ऑफिसमधल्या एका विंडोज मशीनवर ऑन-प्रिमायसेस गेटवे टाक. तो आतून बाहेर बोलतो, राउटरवर बाहेरून काही उघडायला लागत नाही. रात्री दोनला कॉपी, सकाळी सहापर्यंत सगळं तयार. फक्त 'मागच्या वेळेनंतर काय बदललं' हे ओळखायला टेबलात काही आहे का? मॉडिफाइड डेट, रो-व्हर्जन असं?

---

रामबागवाला · मंगळवार, रात्री १०:१०

काही नाही. रो-व्हर्जनचा कॉलम टेस्ट कॉपीवर टाकून बघितला, बिल सेव्ह करताच एरर. सॉफ्टवेअर इन्सर्ट करताना कॉलमांची नावंच लिहीत नाही, सरळ व्हॅल्यूज फेकतं, एक कॉलम वाढला की मेलं.

---

मकरपुरा_शिफ्ट · मंगळवार, रात्री १०:२५

तारखेवर जा. तुमच्याकडे मागची बिलं किती दिवस मागपर्यंत दुरुस्त होतात? जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरलं की सहसा कोणी हात लावत नाही. रोज रात्री शेवटचे ६० दिवस लेकहाऊसमधून (तिकडच्या कॉपीतून) उडवायचे आणि ते ६० दिवस नव्याने ओढायचे. रद्द झालेली बिलं पण आपोआप निघतात त्यात. मास्टर टेबलं (पार्टी, माल यांच्या याद्या) रोज पूर्ण. आणि महिन्यातून एकदा, रविवारी, अख्खं पुन्हा. गावठी आहे पण झोप लागते.

---

एक_वाचक · मंगळवार, रात्री १०:५०

'गावठी आहे पण झोप लागते' हे आमच्या टीमच्या भिंतीवर लावतोय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

रामबागवाला · शुक्रवार, रात्री ११:३०

अपडेट. गेटवे अकाउंट्सच्या कंप्यूटरवर टाकला. पहिल्या रात्री चाललं, दुसऱ्या रात्री फेल, तिसऱ्या रात्री फेल. दोन दिवस लॉग वाचले, पोर्ट तपासले, फायरवॉल बंद करून बघितली. शेवटी कळलं की चौकीदार रात्री नऊला लाइट बिल वाचवायला मेन स्विच पाडतो, आणि पहिल्या रात्री तो सुट्टीवर होता. आता सर्व्हरच्या खोलीतलं एक जुनं मशीन दिलंय त्याला, बटणावर टेप लावली आणि वर 'बंद करू नये' हिंदीत.

आता खरा प्रॉब्लेम. टेबलं आली, आकडे बरोबर, पण पार्टीची नावं सगळी खराब. सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर आणि बिलावर हिंदी नीट दिसतं, रिपोर्टमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांचा कचरा. एक पार्टी नुसती 'जे के ई' अशी येते. मी कोलेशन (अक्षरं कशी साठवायची-जुळवायची ते सेटिंग) बदललं, यूटीएफ-८ केलं, वेअरहाऊस तीनदा पाडून बनवलं. काही फरक नाही. एन्कोडिंग कुठे बिघडतंय?

---

लष्करवाली (ग्वाल्हेर) · शनिवार, सकाळी ६:४०

अहो बिघडलेलं काहीच नाही. तो कृतिदेव फाँट आहे.

जे म्हणजे र, के म्हणजे काना, ई म्हणजे म. राम! तुमच्या शीटमध्ये सकाळ-संध्याकाळ राम आहे आणि तुम्ही त्याला कचरा म्हणताय.

मी बावीस वर्षं ऑफिसात हिंदी टायपिंग केलंय, आधी रेमिंग्टनच्या मशीनवर, मग त्याच कीबोर्डवर कृतिदेव. आपल्या मध्य प्रदेशात जुन्या डेटात हेच सापडणार. डेटाबेसमध्ये हिंदी नाहीच, इंग्रजी अक्षरंच आहेत, वरून फाँट हिंदीचा मुखवटा घालतो. स्क्रीनवर आणि प्रिंटरला तो फाँट लावलेला असतो म्हणून तिथे दिसतं. तुमच्या क्लाऊडला फाँट माहीत नाही, तो बिचारा जे आहे ते दाखवतो. कोलेशनने काय होणार, रूपांतरच करावं लागेल.

---

रामबागवाला · शनिवार, सकाळी ९:०२

ताई, पाया पडतो. आता कळतंय. आणि आता हेही कळतंय की मागचे दोन-तीन दिवस माझ्याबरोबर काय चाललं होतं, ऐका.

गेटवे बंद पडत होता तेव्हा मी पार्टी मास्टर सीएसव्हीत काढून हाताने चढवत होतो. कॉमाने तोडलं, काही ओळींत कॉलम सरकले. म्हटलं नावात कॉमा असतील, पाइपच्या खुणेने तोडू. मग दुसऱ्याच ओळी सरकल्या. म्हटलं नावं डबल कोटात घालू. तर जेवढी म्हणून कृषि सेवा केंद्रं होती तेवढी सगळी फुटली, आणि आमच्या धंद्यात निम्म्या पार्ट्या कृषि सेवा केंद्रच आहेत!

---

लष्करवाली · शनिवार, सकाळी ९:३०

हसून हसून चहा सांडला. कृतिदेवमध्ये कॉमा म्हणजे ए. उभी पाइप म्हणजे द्य. डबल कोट म्हणजे अर्धा ष. म्हणजे कॉमाने तोडलंत तेव्हा 'एकता' फुटली, पाइपने तोडलंत तेव्हा 'विद्या' फुटली, आणि कोट लावलेत तेव्हा अख्खी कृषि. सिंगल कोट म्हणजे अर्धा श, ते पण सांगून ठेवते, कोणी क्वेरीत हाताने नाव चिकटवलं तर किशोर, शंकर, शर्मा सगळे एरर देतील.

---

पोहे_कमी_शेव_जास्त · शनिवार, सकाळी १०:१०

पंधरा वर्षं झाली या धंद्यात, असं कधी वाचलं नव्हतं 😂

सीएसव्हीचा नादच सोड. पाइपलाइनमधून सरळ डेल्टा टेबलात उतरव, मधे टेक्स्ट फाइल नकोच, मग कॉमा असो नाहीतर पाइप, त्याला फरक पडत नाही. कच्चं टेबल जसंच्या तसं ठेव, त्याला कधी हात लावू नको. रूपांतर पुढच्या टेबलात, नोटबुकमध्ये, साधं पायथन. पार्ट्या किती, अकरा-बारा हजार? स्पार्कसुद्धा (मोठ्या डेटाचं इंजिन) नको.

आणि कोलेशन 'केस इन्सेन्सिटिव्ह' कर, नाहीतर 'पार्टी' टेबलाचं पहिलं अक्षर स्मॉल-कॅपिटल झालं तरी मिळत नाही म्हणून बोंबलेल. वेअरहाऊस बनवतानाच ठरवावं लागतं, नंतर बदलत नाही.

---

लष्करवाली · शनिवार, सकाळी १०:२५

थांबा थांबा. कच्च्या नावांना ते लावू नका. कृतिदेवमध्ये स्मॉल एन म्हणजे द आणि कॅपिटल एन म्हणजे छ. स्मॉल एस एक मात्रा, कॅपिटल एस दोन मात्रा. लहान-मोठं एकच धरलंत की दाल आणि छाल एक. इंदुरात दाल मिलवाल्यांना छालवाले म्हणालात तर उधारी मिळायची नाही.

---

पोहे_कमी_शेव_जास्त · शनिवार, सकाळी १०:३१

मान्य. शब्द मागे घेतो. फॅब्रिकचं डिफॉल्ट केस सेन्सिटिव्हच आहे, सगळे त्याला शिव्या देतात, इथे कामाला आलं.

---

रामबागवाला · रविवार, रात्री १२:१५

बदलण्याची टेबल बनवली, अक्षराला अक्षर. निम्मं जमलं. पण आधी मी नावं 'साफ' केली होती, मेसर्सच्या मागचे डॉट वगैरे काढून टाकले होते. आता किरणचं किरा झालंय आणि गणेशचं गोश. हे काय?

---

लष्करवाली · रविवार, सकाळी ६:५०

ण हा डॉट आणि के मिळून होतो. डॉट काढलात, के उरला, तो काना झाला. म्हणून किरा. गणेशमध्ये डॉट गेल्यावर काना आणि मात्रा शेजारी आले, त्याचा ओ झाला, म्हणून गोश. सफाई रूपांतरानंतर करायची, आधी नाही.

आणि नुसतं अक्षराला अक्षर बदलून भागणार नाही. ऱ्हस्व वेलांटी टायपिंगमध्ये अक्षराच्या आधी येते, किरण लिहिताना वेलांटी आधी, क नंतर. युनिकोडमध्ये (आजची प्रमाण पद्धत, खरी हिंदी अक्षरं) ती क च्या नंतर जायला हवी, आणि जोडाक्षर असेल तर अख्ख्या जोडाक्षराच्या नंतर. रफार उलटा. वर्मा टाइप करताना व, म, काना आणि शेवटी रफार. त्याला काना ओलांडून, म ओलांडून मागे न्यायचं. बदलताना लांब जोड्या आधी, एकेकटी अक्षरं शेवटी. वर्मा, शर्मा, कीर्ती, मिश्रा, विद्यार्थी एवढी पाच बरोबर आली की उरलेली येतात.

---

मकरपुरा_शिफ्ट · रविवार, सकाळी ११:००

आणि ज्या पार्ट्या खरंच इंग्रजीत टाइप केल्या असतील त्या पण रूपांतरात जातील ना? त्यांचा कचरा होईल. आमच्याकडे गुजराती फाँटचं हेच झालं होतं, कंपनीचं चांगलं इंग्रजी नाव असं काही झालं की मालकाने विचारलं ही कुठली भाषा.

नावावरून जोडूच नको. जीएसटीआयएन (जीएसटी नंबर) घे. १५ अक्षरी, पहिले दोन आकडे राज्याचे, तुमचं २३, आमचं २४, पुढची दहा म्हणजे पॅन. तिन्ही सिस्टिममधली पार्टी त्याच्यावर जोड. ज्यांच्याकडे जीएसटी नाही, शेतकरी वगैरे, ते मोबाइल नंबरवर. नाव फक्त दाखवायला.

---

पोहे_कमी_शेव_जास्त · रविवार, दुपारी १२:४०

+१. आणि एक अडकण्याची जागा सांगतो. रूपांतर झाल्यावर वेअरहाऊसमध्ये नेलंस तर तिथे मजकुराच्या कॉलमला एनव्हारचार हा प्रकार नाही, फक्त व्हारचार, यूटीएफ-८, आणि कंसातला आकडा बाइटचा, अक्षरांचा नाही. देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. 'विठ्ठलराव' डोळ्यांना पाच अक्षरं, आत नऊ चिन्हं, २७ बाइट. व्हारचार २० मध्ये बसायचा नाही. कृतिदेवमध्ये जे नाव २० मध्ये मावत होतं त्याला आता ६० धर, सरळ २०० ठेव. मनी टाइप नाही, डेसिमल १९,४ कर. डेटटाइम नाही, डेटटाइम२ सहा.

घड्याळ पण बघ. तिकडे आत्ताची वेळ विचारली की ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) देते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे चारला चालणारी क्वेरी अजून कालच्याच तारखेत असते. १ एप्रिलला पहाटे 'चालू आर्थिक वर्ष' मागचंच निघेल. साडेपाच तास मिळवूनच तारीख काढ.

---

रामबागवाला · रविवार, रात्री १०:२०

सगळं लिहून घेतलं. दुसरा प्रश्न राहिला, बिल. मी विचार केला की एफ२ रात्री एक तास चालू करायचा, कॉपी झाली की पॉज. तासाचेच पैसे. हुशारी आहे की नाही?

---

पोहे_कमी_शेव_जास्त · रविवार, रात्री १०:४५

अर्धी. पाइपलाइन, रिफ्रेश ही बॅकग्राउंडची कामं, त्यांचा खर्च फॅब्रिक २४ तासांवर पसरवून मोजतं. म्हणूनच एवढासा एफ२ रात्रीचा जोर सहन करतो, उधारीवर काम करतो म्हण ना. तू तासाभरात पॉज केलास की उरलेली उधारी तिथल्या तिथे एकरकमी बिलात येते. पॉजने पैसे वाचतात, पण तू समजतोस तितके नाही. आणि उधारी फारच साचली तर आधी रिपोर्ट वीस-वीस सेकंद रेंगाळतात, मग नकार, शेवटी रात्रीची कामंही नाकारली जातात.

चोवीस तास चालू ठेवायचा असेल तर वर्षाचं रिझर्वेशन घे, रोजच्या दरापेक्षा सुमारे ४१ टक्के स्वस्त. बघणारे किती? एफ६४ च्या खाली प्रत्येक बघणाऱ्याला पॉवर बीआय प्रो (रिपोर्टचं माणशी लायसन्स) लागतं, आणि ते एप्रिल २०२५ पासून १० चं १४ डॉलर झालंय. फक्त उधारी दाखवायला एफ६४ घेऊ नको, शेठजी तुलाच विकतील. मॉडेल इम्पोर्ट मोडमध्ये (डेटाची कॉपी रिपोर्टच्या मॉडेलातच) साध्या प्रो वर्कस्पेसमध्ये ठेव, मग कपॅसिटी पॉज असली तरी सकाळी रिपोर्ट उघडतो.

---

मकरपुरा_शिफ्ट · रविवार, रात्री ११:०५

उधारी बघायला उधारीवर चालणारं मशीन. मी अजूनही पोस्टग्रेसच म्हणेन. पण चालू द्या.

---

रामबागवाला · १९ दिवसांनी, शुक्रवार, दुपारी १:१०

गायब होतो, माफी. चाललंय! टॅली सगळ्यात शेवटी जोडली, तिच्या ९००० पोर्टवरून एक्सएमएल ओढतो, फक्त टॅली उघडी राहायला हवी म्हणून ती पण त्याच टेपवाल्या मशीनवर. शेठजींसह पाच जणांना प्रो घेतलं. सकाळी पावणेनऊला रिपोर्ट तयार असतो. ताईंची पाचही नावं बरोबर आली, मग उरलेल्यांत साधारण तीनशे हाताने बघावी लागली, त्यात बऱ्याच इंग्रजी निघाल्या, काकांनी सांगितल्याप्रमाणे.

आता मजा अशी की जीएसटीआयएनवर जोडल्यावर ती किरणवाली पार्टी तीन ठिकाणी निघाली. मेनला कृतिदेवमध्ये, देवासला इंग्रजीत, खरगोनला ण च्या जागी न करून कोणीतरी तिसरीच. प्रत्येक ठिकाणी लिमिटच्या आत, तिन्ही मिळून लिमिटच्या दुप्पट. चार वर्षं असंच चालू होतं. शेठजींनी सकाळी रिपोर्ट बघितला, काही बोलले नाहीत, फक्त खरगोनला फोन करून गाडी थांबवायला सांगितली.

पार्टी आत्ता आलीये, समोर बाकावर बसलीये. मला विचारतायत कंप्यूटर चुकला असेल ना भिया, नाव तर बघा, आमचं नावच नाहीये हे. शेठजी मला बोलावतायत, नंतर लिहितो.